फिरून

जळालेल्या मोटारीचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. वार्निश, कागद आणि तापून काळं पडलेलं तांबं यांचा मिळून तो होतो. थोडा गोडसर, थोडा घशात खवखवणारा. उन्हाळा चढला, विहिरींचं पाणी खाली गेलं, लाईट रात्रीची झाली की कुंडलच्या आमच्या दुकानात हा वास दिवसभर भरून असायचा. मोटारी यायच्या बैलगाडीतून, पुढं टेम्पोतून, आणि लहान असली तर सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळून. माणूस दारातूनच बोलायला लागायचा, “आण्णा, मोटार जळली. आजच्या आज भरून द्या, ऊस वाळाय लागलाय.”

मोटार भरणं म्हणजे तिचं वाइंडिंग नव्यानं करणं. पण भरण्याआधी सोडवणं असतं, आणि माझ्या वडिलांचं, आण्णांचं, सगळं कसब त्या सोडवण्यात होतं. पुलर लावून बेअरिंग ओढायचं, कव्हर काढायचं, आतला फिरणारा रोटर बाजूला ठेवायचा. उरला स्टेटर, जागेवरच राहणारा भाग. त्याच्या खाचांमधल्या बांबूच्या पट्ट्या ठोकून काढल्या की तांब्याच्या तारांचे जुडगे मोकळे होतात. बहुतेक वाइंडर इथं छिन्नी लावून कॉईल तोडतात आणि तुटलेल्या जुडग्यातली तारांची तोंडं मोजतात. तेही चालतं. आण्णांना ते पटायचं नाही. जळून चिकटलेल्या दोन तारा एकच दिसतात आणि आकडा चुकतो, म्हणायचे. म्हणून बाकीच्या कॉईल तोडल्या तरी एक कॉईल ते अख्खी ठेवायचे आणि वेढा वेढा करून उलगडायचे. वार्निशनं धरलेली तार सुटताना बारीक तडतडायची. तोंडानं मोजणी चाललेली असायची, आणि दर दहा वेढ्यांना मी एक वायसर या डब्यातून त्या डब्यात टाकायची. चार वायसर आणि वर दोन, म्हणजे बेचाळीस. मग तारेवरची काजळी पुसून मायक्रोमीटरनं जाडी बघायची आणि सगळं एका लाल पाठीच्या लांब वहीत उतरायचं: किती घोड्यांची मोटार, किती खाचा, किती टर्न, किती गेज, कुणाची.

मोटारीच्या अंगावर ॲल्युमिनियमची एक पट्टी असते. तिच्यावर आरपीएम या अक्षरांपुढं बहुधा २८८० किंवा १४४० असा आकडा कोरलेला असतो. मी चौथीत असताना आण्णांना विचारलं होतं, आरपीएम म्हणजे काय. “मिंटाला किती गिरक्या घेती ते,” ते म्हणाले. मग २८८० का, सरळ ३००० का नाही? हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. दोन पोलच्या मोटारीत तिचं चुंबकी क्षेत्र मिनिटाला तीन हजार वेळा गरगरतं आणि रोटर त्याच्यामागं पळतो. गाठायला बघतो, पण गाठत नाही. “गाठलं की वड संपली,” आण्णा म्हणाले. दोघं एकाच वेगानं फिरायला लागले तर रोटरमध्ये वीज उपजणार नाही आणि वीज नाही म्हटल्यावर जोरही नाही. म्हणून तेवढ्या शंभर-सव्वाशे फेऱ्यांचं अंतर राहतंच. ही गोष्ट पुढं मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात भेटली तेव्हा ती मला ओळखीच्या माणसासारखी वाटली.

हायस्कूलला गेल्यावर आरपीएमची पूर्ण अक्षरं कळली. रिव्होल्यूशन्स पर मिनिट. त्याच वर्षी इंग्रजीच्या तासाला रिव्होल्यूशन म्हणजे क्रांती असाही अर्थ वहीत उतरवून घेतला. आता, कुंडलच्या पोरीला क्रांती हा शब्द शिकवावा लागत नाही. कुंडल हे त्या काळी औंध संस्थानातलं गाव, आणि १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार चाललं त्याचं मोठं ठाणं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच; १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आमच्याकडं नाना पाटील नुसते नाना पाटील नसतात, क्रांतिसिंह असतात. जी. डी. बापू लाड क्रांतिअग्रणी असतात. ऊस जातो त्या कारखान्याच्या नावात क्रांती आहे. ९ ऑगस्टला क्रांतिदिन असतो, शाळेची फेरी निघते, आणि ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराचा पैसा नेणारी रेल्वे कशी अडवली ते दरवर्षी नव्यानं सांगितलं जातं. असा भरजरी शब्द, आणि तो पंपाच्या मोटारीवर, मिनिटाला दोन हजार आठशे ऐंशी वेळा? मला ते कोडं सुटलं नाही. मी आण्णांना विचारलं, त्यांनाही सुटलं नाही. ते म्हणाले, “शब्द काढणाऱ्यानं कायतरी बघूनच काढला आसंल.”

त्यांचं हे वाक्य माझ्या मनात पुढं बरीच वर्षं घोळत राहिलं.

आता मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. सतरा वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात एका पंपाच्या पुस्तिकेत मी लिहिलं होतं, ‘पंप सुरू करण्यापूर्वी पंख्याच्या परिभ्रमणाची दिशा तपासा.’ इंग्रजीत रिव्हॉल्व्ह होतं, शब्दकोशात परिभ्रमण होतं, मी ते बसवलं. पुस्तिका छापून गेली आणि महिन्याभरानं तासगावकडच्या एका फिटरचा फोन आला. माझा नंबर त्यानं कुठून तरी मिळवला होता. “ताई, हा पंखा कशाभोवती परिभ्रमण करतोय?” तो म्हणाला. “माझी पोरगी सातवीत आहे. तिच्या पुस्तकात पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. पंखा तर जागच्या जागी फिरतोय.” त्याचा मुद्दा बरोबर होता. मी त्याचे आभार मानले. पुढच्या आवृत्तीत ‘पंखा कोणत्या बाजूला फिरतो ते बाणाशी ताडून पाहा’ असं केलं, जे पहिल्यापासून तसंच असायला हवं होतं. तीन फेजमधल्या दोन वायरी चुकून अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते, पाणी येतं पण कमी येतं, आणि शेतकरी पंपाला दोष देत बसतो. अशा वेळी त्याच्या हातात परिभ्रमण ठेवून काय उपयोग?

पण त्या फोननं जुनं कोडं पुन्हा वर आणलं. शाळेतल्या इंग्रजीतही रोटेट वेगळं, रिव्हॉल्व्ह वेगळं असं शिकवतात: स्वतःभोवती ते रोटेट, दुसऱ्याभोवती ते रिव्हॉल्व्ह. मग जागच्या जागी फिरणाऱ्या मोटारीवर रिव्होल्यूशन कसं? म्हणजे हा भेद खगोलाच्या वर्गातला; कारखान्यात आणि बोलण्यात इंग्रज तो पाळत नाहीत. त्या संध्याकाळी मी मोठा इंग्रजी कोश उघडला आणि जेवायला उठायचं विसरले.

रोटेट सरळ आहे. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. आपला रथ त्याचा भाऊबंद. एकानं चाकाला नाव दिलं, दुसऱ्यानं चाकांवर चालणाऱ्या गाडीला. चक्र आणि इंग्रजीतलं व्हील हीसुद्धा एकाच घरातली. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आलेल्या असाव्यात असं मांडलं, त्यानंतर अशी नाती शोधणं हे शास्त्रच झालं. रोटेटमध्ये असं चाक उघड दिसतं. मोटारीतला रोटरही त्याच चाकातून निघाला.

रिव्हॉल्व्हमध्ये मात्र चाक नाही. हे कळलं तेव्हा मी थांबले. हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलं, लॅटिन रेवोल्वेरे पासून. त्यातलं रे म्हणजे मागं, पुन्हा. वोल्वेरे म्हणजे लोटणं, लोळवणं, गुंडाळणं. याच मुळाचं इंग्रजीतलं गावठी भावंड म्हणजे वॉलो, म्हणजे म्हैस डबक्यात लोळते ते लोळणं. विहिरीच्या तळाला बसवतो त्या फूटव्हॉल्व्हमधला व्हॉल्व्हसुद्धा याच गोतावळ्यातला. लॅटिनमध्ये तो शब्द घडीच्या दाराच्या फळीसाठी होता, जी वळते आणि उघडते. आणि ग्रंथाच्या खंडाला व्हॉल्यूम म्हणतात तोही वोल्वेरेचाच, कारण रोमन लोकांचे ग्रंथ गुंडाळ्या होते, आपल्याकडच्या जुन्या जन्मपत्रिकांसारखे. वाचायचं तर एका हातानं उलगडायचं, दुसऱ्यानं गुंडाळायचं. आणि वाचून झालेलं पुन्हा वाचायचं असेल तर? गुंडाळी मागं फिरवायची. त्याला शब्द होता रेवोल्वेरे.

लॅटिन कोशात त्या क्रियापदाखाली अर्थ दिले आहेत ते असे: मागं लोटणं, गुंडाळलेलं उलगडणं, पुन्हा वाचणं, पुन्हा घडणं, परत येणं. इंग्रजीत आल्यावरही आधी त्याचा अर्थ नजर मागं वळवणं असा होता, मग पंधराव्या शतकात मनात घोळवणं असा झाला. मध्याभोवती गोल फिरणं हा आज सगळ्यांना माहीत असलेला अर्थ या क्रियापदाला सतराव्या शतकात घट्ट चिकटला. गोलाई नंतरची. आधी होतं ते उलगडणं आणि पुन्हा बघणं.

मी हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढं वायसरांचे दोन डबे आले. आण्णांच्या हातात तार सुटत होती, तोंडानं सदतीस, अडतीस चाललं होतं, आणि लॅटिनचा गंध नसलेला तो माणूस त्या क्रियापदाचा सगळ्यात जुना अर्थ हातानं करत होता.

मराठीत याला शब्द कुठला, हे मी त्यानंतर जाता-येता शोधत राहिले. वळणं हा संस्कृत वलतिचा, आणि व्युत्पत्तीचे अभ्यासक वलतिला वोल्वेरेच्याच कुळात बसवतात. म्हणजे भूगोलात आपण परिवलन हे रोटेटला दिलं आणि नातं निघालं ते रिव्हॉल्व्हशी. परिभ्रमणातला भ्रम् आपल्याकडं घराघरात आहे: भोवरा, भोवळ, भोवती. आणि भोवणं. भोवणं किती विलक्षण क्रियापद आहे! मूळचा अर्थ गरगरणं. पण आपण म्हणतो, ‘त्याला ते चांगलंच भोवलं.’ केलेली गोष्ट फेरी मारून आपल्याच अंगावर आली. रेवोल्वेरेतलं ते परत येणं भोवण्यात पुरेपूर आहे. परतणं तर त्याहून स्पष्ट. माणूस गावी परततो आणि बाई तव्यावर भाकरी परतते; क्रियापद एकच. रोज वापरत असूनही माझं त्याकडं कधी लक्ष गेलं नव्हतं.

पण मला हवा होता तो शब्द सापडला फार साध्या ठिकाणी. एसटीच्या दारात एक आजी नातवाला म्हणत होत्या, “फिरून ये रं दिवाळीला.” फिरून. फिरणे या धातूचं ते रूप, आणि अर्थ ‘पुन्हा’. फिरून एकदा सांग. फिरून तोच प्रश्न. इंग्रजीला रे आणि वोल्वेरे असे दोन तुकडे जोडावे लागले, मराठीनं ते एकाच शब्दात करून ठेवलं होतं. फिरण्यातच पुन्हा आहे, हे या भाषेला आधीपासून माहीत होतं. मिरज स्टँडवर उभ्या उभ्या मी तो शब्द मोबाईलमध्ये टिपून घेतला, हरवेल अशा भीतीनं.

आता राहिली क्रांती. रिव्होल्यूशन हे नाम इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या फेऱ्यांसाठी होतं. १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ निघाला, ज्यानं पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला लावलं, त्याच्या लॅटिन नावातही हाच शब्द आहे, खगोलांच्या फेऱ्या अशा अर्थानं. जे ठरल्या वाटेनं जातं आणि ठरल्या वेळी परत येतं, ते रिव्होल्यूशन. माणसाच्या हातात त्यात काही नाही. राजकारणात हा शब्द उतरला तोही हाच अर्थ घेऊन. इंग्लंडमध्ये १६४९ ला राजाचं डोकं उडवलं, गणराज्य आलं, आणि १६६० मध्ये राजेशाही परत आली; त्या परत येण्याला त्या काळच्या लेखकांनी रिव्होल्यूशन म्हटलं. चाक फिरून जागेवर आलं. १६८८ च्या राज्यबदलाला इंग्रज गौरवानं रिव्होल्यूशन म्हणतात, तिथंही जुने हक्क परत मिळवले ही भावना होती.

मग १७८९, फ्रान्स. पॅरिसचा बास्तीय तुरुंग पडल्याची बातमी राजाला कळली तेव्हा त्यानं विचारलं, “हे बंड आहे का?” आणि एका सरदारानं उत्तर दिलं, “नाही महाराज, ही क्रांती आहे.” अशी गोष्ट सांगतात. फ्रेंचमध्ये राजाचा शब्द रेव्होल्त आणि सरदाराचा रेव्होल्यूशन. दोन्ही शब्द रेवोल्वेरेपासूनच निघालेले! राजा आणि सरदार एकाच क्रियापदाच्या दोन पोरांवरून बोलत होते. पण त्या वर्षानंतर शब्द पूर्वीसारखा राहिला नाही. पूर्वी त्यात परत येणं होतं, आता त्यात परत न येणं आलं. जे गेलं ते गेलं, नवं राज्य, नवे महिने, नवं कॅलेंडर. शब्दाचा अर्थ असा नेमका उलटा झालेला मी दुसरीकडं क्वचितच पाहिलाय. मोटारीच्या पट्टीवर मात्र जुना, आकाशातला अर्थ राहिला. माझं लहानपणीचं कोडं इथं सुटलं.

मराठीनं या रिव्होल्यूशनला काय म्हणायचं ठरवलं ते बघा. आपल्याकडं फिरण्याचे शब्द हाताशी होते. सत्तापालट आहे, पालटणं म्हणजे उलथणंच. राजकारणी माणसं भाकरी फिरवायची भाषा बोलतात. पण भाकरी फिरली तरी तवा तोच आणि चूलही तीच, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं. मराठीनं फ्रेंच राज्यपालट म्हटलं नाही, फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं. क्रांतीत फिरणं अजिबात नाही. तिथं क्रम् आहे, पाऊल टाकणं. पराक्रम, विक्रम, आक्रमण, अतिक्रमण, सगळीकडं पाऊल. तीन पावलांत तिन्ही लोक ओलांडणारा वामन त्रिविक्रम झाला तो त्यामुळंच.

आणि गंमत अशी की क्रांती हाही मूळचा आकाशातला शब्द आहे. सूर्य वर्षभर ताऱ्यांमधून ज्या वाटेनं जाताना दिसतो तिला क्रांतिवृत्त म्हणतात. पंचांगात रविक्रांती असते, म्हणजे सूर्य खगोलाच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती सरकला ते; ती वाढत वाढत साडेतेवीस अंशांच्या जवळ जाते आणि तिथून उतरते. एका राशीतून पाय उचलून दुसरीत ठेवला की संक्रांत. म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी वर मान करून एकच सूर्य पाहिला. तिकडच्यांना तो परत येताना दिसला, त्यांनी रिव्होल्यूशन म्हटलं. इकडच्यांना तो ओलांडून पुढं जाताना दिसला, त्यांनी क्रांती म्हटलं. सूर्य दोन्ही करतो. पण माणसं उठतात, सत्ता उलथवतात, तेव्हा त्यांच्यासाठी मला इकडचा शब्द जास्त खरा वाटतो, आणि हे मी मराठीच्या प्रेमापोटी म्हणत नाही. आजीमुळं म्हणते.

माझी आजी, आण्णांची आई, लग्न होऊन कुंडलला आली तेव्हा प्रतिसरकारचे दिवस होते. लोक त्याला पत्री सरकार म्हणायचे; गुन्हेगाराच्या तळपायावर मारायचे म्हणून ते नाव, असं सांगतात. भूमिगत कार्यकर्ते रात्रीच चालायचे. दिवसा पोलीस, म्हणून रात्री या गावातून त्या गावात, गाडीवाट सोडून बांधाबांधानं, कधी सागरेश्वराच्या डोंगरातून. आजीला त्यांची नावं माहीत नव्हती, विचारायची पद्धतही नव्हती. ती क्रांती हा शब्द वापरायची नाही. ती म्हणायची, “पावलं वाजली की पिठात हात घालायचा.” अंधारात चूल पेटवायची, पण धूर दिसायला नको म्हणून वाळलेल्या काटक्याच लावायच्या. भाकरी थापायची, टाकायची, परतायची, तव्यावरून काढून निखाऱ्यावर फुगवायची. ऐन घाईतही भाकरी कच्ची दिली नाही, हे ती फार अभिमानानं सांगायची. माणसं उभ्यानं खायची आणि चटणी-भाकरी फडक्यात बांधून निघून जायची. किती रात्री असं झालं? ती मोजलं नाही म्हणायची. पण पावलांचा आवाज तिला शेवटपर्यंत आठवायचा. नाल ठोकलेल्या वहाणांचा वेगळा आणि अनवाणी पायांचा वेगळा.

क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, हे मी कोशात वाचलं तेव्हा मला तेच आवाज ऐकू आले.

आण्णा जाऊन चार वर्षं झाली. दुकान त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा चालवतो; आता तोही चाळिशीला आला. मे महिन्यात मी कुंडलला गेले होते तेव्हा तो एका जुन्या पाच घोड्यांच्या मोटारीपुढं बसला होता. मालक म्हणत होता, ही आण्णांनीच भरली होती, पंचवीस वर्षं झाली असतील, आत्ता जळली. पोरानं छिन्नीनं कॉईल तोडलेली होती आणि तारांची तोंडं सुईनं एकेक बाजूला करत मोजत होता. “एक्केचाळीस,” तो म्हणाला.

लाल पाठीची वही अजून तिथंच, फळीवर, तुपाच्या रिकाम्या डब्यामागं असते. कडा कुरतडलेल्या, पण आण्णांचं अक्षर स्वच्छ. मालकाच्या वडिलांच्या नावानं शोधून मी पान काढलं. छत्तीस खाचा, वीस गेज. टर्नच्या रकान्यात बेचाळीस.

मी वही त्याच्यापुढं धरली. त्यानं आकडा पाहिला, हातातला जुडगा उजेडाकडं केला, नखानं एक तार दाबून बघितली, दुसरी दाबून बघितली. मग तो जुडगा खाली ठेवला आणि स्टेटर मांडीवर घेऊन न तोडलेल्या एका कॉईलचं टोक शोधायला लागला.

“फिरून मोजू, आक्का,” तो म्हणाला.

मी वायसरांचे डबे पुढं ओढले.